केरीचं पुस्तक, व्हाया डिचोली

२ जानेवारी, गुरुवार

नवी डायरी. गेल्या वर्षीची जानेवारीतच थांबली, पण गेल्या वर्षी लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. यंदा घडणार आहे.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यापासून मी हळर्णच्या आमच्या वाचनालयाचा मानद चिटणीस आहे. दूध सोसायटीच्या माडीवर एक खोली, भिंतीला कपाटं, मधे टेबल, आणि अर्धा दिवस बसणारी मदतनीस मुलगी, सुविधा. आजवर मी हे सगळं सेवा म्हणून करत होतो. परवा पणजीला सेमिनारला गेलो आणि लक्षात आलं की ही सेवा नाही, संधी आहे. विषय होता, प्रादेशिक नेटवर्कमधून ग्रंथालयांचं सहकार्य. वक्ते म्हणाले, कुठलंही ग्रंथालय एकटं पुरं पडत नाही. माझ्याकडे नाही ते तुमच्याकडे असतं, तुमच्याकडे नाही ते तिसऱ्याकडे. सामाईक सूची करा, पुस्तकं फिरवा, मग खेड्यातल्या एका वाचकाच्या मागे अख्ख्या जिल्ह्याची कपाटं उभी राहतात. मी सगळं उतरवून घेतलं. शेजारचे गृहस्थ झोपले होते. अशा लोकांमुळेच आपण मागे आहोत.

संकल्प: पेडणे-डिचोली ग्रंथालय नेटवर्क. याच वर्षी. माझ्या हातून.

विनिताला सांगितलं. ती म्हणाली, आधी त्या वाचनालयाचा पंखा दुरुस्त करा. बायकोला व्हिजन नाही, त्याला ती तरी काय करणार.

५ जानेवारी, रविवार

भाग्यलक्ष्मीबाई आल्या. बाई म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेतल्या जुन्या शिक्षिका. मला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली. काचबिंदूने एक डोळा कधीच गेला, दुसऱ्यावर भागवतात, तरी एक पुस्तक परत करून दुसरं नेल्याशिवाय जिना उतरत नाहीत. आमचे बाकीचे वाचक पेपर वाचतात आणि पंखा का फिरत नाही ते विचारून जातात.

'खाजनातली सून' या कादंबरीचे पहिले दोन भाग बाईंनी वाचले. तिसरा आमच्याकडे नाही. दुसऱ्याच्या शेवटी म्हणे दुर्गा नावाची बाई पोर घेऊन सासर सोडते, होडीत बसते, आणि होडीवाला विचारतो, कुठल्या काठाला नेऊ? तिथेच भाग संपतो. बाई म्हणाल्या, "खंयच्या काठाक गेली ती? माका कळूंक जाय. दुकानात आता ह्या पुस्तक मेळणा नाय."

सुविधाने केरीच्या वाचनालयात फोन लावला. तिथले यशवंत म्हणाले, आहे, या आणि घेऊन जा. सुविधा लगेच उठली. "काका, सकाळी स्कूटर घेऊन जातंय आणि जेवणाच्या आधी हाडतंय."

मी थांबवलं. स्कूटरने आणलं तर तो शेजारधर्म झाला. सिस्टिमने आलं तर ते सहकार्य. ज्या मागणीची नेटवर्क वाट बघत होतं ती स्वतः जिना चढून आली आहे. मागणी क्रमांक एक! बाईंना सांगितलं, पुस्तक येणार, पण रीतसर येणार. बाई म्हणाल्या, "कसाय येऊं दी रे, पण येऊं दी."

उत्साहवर्धक प्रतिसाद.

११ जानेवारी, शनिवार

लेटरहेड छापून आलं. शिवदास हळर्णकर, संस्थापक-समन्वयक. नेटवर्कचं संक्षिप्त नाव 'पेडिग्रंने'. विनिताला ते जंताचं औषध वाटलं. बोधचिन्हात तीन उघडी पुस्तकं एकमेकांना टेकलेली आहेत. सुविधा म्हणाली, तीन पापलेटं वाटतात. पेडण्याच्या प्रेसवाल्याने काळी शाई जास्त मारली आहे, एवढंच.

१९ जानेवारी, रविवार

पहिली बैठक. ऐतिहासिक.

हजर: केरीहून यशवंत. किनाऱ्यावर त्यांचं छोटं हॉटेल आहे, उरलेल्या वेळात वाचनालय बघतात. डिचोलीच्या वाचनालयातून सेजल. ती ग्रंथालयशास्त्र शिकलेली आहे, त्यामुळे प्रश्न फार विचारते. चोपड्यालाही मी मुद्दाम जाऊन आलो होतो. तिथलं वाचनालय म्हणजे देवळाच्या सभामंडपातलं एक कपाट. किल्ली गौरेश नावाच्या माणसाकडे, आणि गौरेश लंडनला. चतुर्थीला येईन म्हणाला. चोपड्याला सहयोगी सदस्य करून घेतलं.

नियम ठरले. डिचोली हे हब. प्रत्येक पुस्तक आधी हबला जाईल, तिथे नेटवर्कचा शिक्का बसेल, मग मागणीदाराकडे. सेजलने विचारलं, केरीचं पुस्तक हळर्णला यायचं तर आधी डिचोलीला कशाला? दोन्ही गावं पेडण्यातच आहेत. मी म्हटलं, टपाल असंच जातं. ती गप्प झाली. पटलं असावं.

एक अडचण उद्भवली ती मी हाताळली. यशवंतांनी पिशवीतून 'खाजनातली सून', भाग तिसरा, काढून टेबलावर ठेवला. बाईंसाठी आणला होता. मी त्यांना समजावलं की अजून उद्घाटन व्हायचंय, शिक्का व्हायचाय, आज पुस्तक हललं तर पहिला व्यवहारच बेकायदा ठरेल. यशवंत म्हणाले, "अहो, बाई वर माडीवर चढून येतात ना? मग ठेवा की इथे." मी ठाम राहिलो. त्यांनी पुस्तक परत पिशवीत घातलं.

शिस्त माणसाला पहिल्यांदा कडूच लागते.

९ फेब्रुवारी, रविवार

सामाईक सूची पूर्ण. माझा मणका गेला, पण काम झालं.

निष्कर्ष जरा अनपेक्षित. तिन्ही वाचनालयांत तीच पुस्तकं आहेत. तीच ग्रँट, तोच पुरवठादार, त्याच गठ्ठ्यातून आलेली. 'नारळावरील रोग व उपाय' तर प्रत्येकाकडे ढिगाने. म्हणजे जे माझ्याकडे नाही ते कोणाकडेच नाही. सेजल म्हणाली, मग आपण एकमेकांना देणार काय? मी म्हटलं, ही एकरूपता आहे. सहकार्याचा पाया तोच असतो.

वेगळं म्हणावं असं फक्त केरीचा तो तिसरा भाग, आणि आमच्याकडचे बांधीव जुने दिवाळी अंक. सेजलने लगेच ते मागितले. डिचोलीची कोणी मुलगी त्यावर अभ्यास करते म्हणे. मी सांगितलं की ते संदर्भग्रंथ आहेत, कपाटाबाहेर निघत नाहीत. रिसोर्स शेअरिंग म्हणजे आपल्या वस्तू लोकांना वाटत सुटणं नव्हे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंची सून स्नेहा वाचनालयात येऊन गेली. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलंय की उरलेल्या डोळ्यातही दाब वाढतोय. औषध घालायचं, पण गेलेलं परत येत नाही. काय वाचायचं ते आताच वाचून घ्या म्हणाले.

ती गेल्यावर सुविधा माझ्यापुढे उभी राहिली. "काका, मी जातंय केरीक. कोणाक सांगणा नाय."

मला गलबलून आलं. मी मागणी क्रमांक एक बाहेर काढली आणि तिच्यावर लाल पेनने 'तातडीचे' असं लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

१२ मार्च, बुधवार

प्रमुख पाहुणे मिळत नाहीत. एकांना बोलावलं तर त्यांनी विचारलं, किती लोक असतील. दुसऱ्यांनी फोन उचलला नाही. आता होळीचा शिगमो, सगळा तालुका ढोलामागे.

निर्णय: उद्घाटन २३ एप्रिलला. जागतिक पुस्तक दिन. यापेक्षा समर्पक दिवस नाही. पुस्तक बाईंना स्टेजवर, टाळ्यांच्या गजरात द्यायचं. इतक्या वर्षांनी विद्यार्थी गुरूला पुस्तक देतोय. फोटोला चांगलं.

बाई रस्त्यात भेटल्या. स्नेहाच्या आधाराने चालत होत्या. "गावलो काय रे तिसरो भाग?" मी हब म्हणजे काय ते समजावलं. बाई म्हणाल्या, "तुजो हब माका कळणा नाय. दुर्गा त्या होडयेत किती दिस बसतली, ता सांग."

वयामुळे मोठं चित्र दिसत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

शिक्का तयार. पुस्तक हललं!

वाहतुकीची सोय मी केली. डिचोलीच्या एका कंपनीची कामगारांची बस पेडण्याहून जाते. ड्रायव्हर धोंडिबा, मूळचा चंदगडकडचा, राहतो डिचोलीत. भला माणूस. चहावर तयार झाला. यशवंतांनी पेडण्यात येऊन पुस्तक त्याच्या हातात दिलं.

बस हळर्णच्या तिठ्यावरूनच जाते. सुविधा खिडकीत उभी होती, म्हणाली, "काका, ता बघा, आमचा पुस्तक गेला." मी खाली उतरून हात केला. धोंडिबाने हॉर्न वाजवला. काचेआड डॅशबोर्डवर पिशवी दिसत होती.

अंगावर काटा आला. नेटवर्क धावत होतं.

८ एप्रिल, मंगळवार

सेजलचा फोन. पुस्तक हबला पोचलेलंच नाही.

धोंडिबाला फोन लावला. तो म्हणाला, गेलो तवा लायब्ररी बंद झाल्ती साहेब, म्हणून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, राहू दे.

का राहू दे? त्याला नीट सांगता येईना.

१० एप्रिल, गुरुवार

डिचोलीला जाऊन आलो. सगळं लिहून ठेवतो, कारण पुढे धोरणात्मक प्रश्न निघू शकतो.

धोंडिबाची खोली चाळीसारख्या एका ओळीत शेवटची. तो ड्युटीवर. त्याची बायको रंजना सकाळची पाळी करून आलेली, कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगला आहे. दारातच पायरीवर बसून वाचत होती. आमचं पुस्तक! चुलीवर, म्हणजे गॅसवर, काहीतरी करपत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

मी ओळख दिली. ती गडबडीने उठली. आत जाऊन गॅस बंद करून आली, मला खुर्ची दिली.

"घाण नाही केलं साहेब पुस्तक. हात धुऊनच घेतो," ती म्हणाली.

मी विचारलं, तू पहिले दोन भाग वाचलेस का? नाही म्हणाली. मग काय कळलं? म्हणाली, "पुढं पुढं वाचलं की मागचं कळतंय. लई सोसलंय तिनं. आता ती परत आलीया, सासूसंगं बोलायची हाय. चाळीसभर पानं राह्यल्यात. उद्याच्याला देतो की."

मी विचारलं, सदस्य आहेस का? नाही. व्हायला काय लागतं? मी सांगितलं, तालुक्यात राहत असल्याचा पुरावा. तिने खोलीकडे बघितलं. "मालक कागद देत न्हाईत कुणालाच."

माझा नाइलाज झाला. एकाला सूट दिली की सिस्टिम संपली. मी हात पुढे केला. तिने पदराने कव्हर पुसलं आणि पुस्तक दिलं. मग विचारलं, "पुन्यांदा मिळंल न्हवं?" मी म्हटलं, जवळच्या वाचनालयामार्फत रीतसर मागणी करा, नेटवर्क सगळ्यांसाठी खुलं आहे.

तिथून पुस्तक बॅगेत घालून सरळ हबला गेलो. दुपारची सुट्टी. दारात बसून राहिलो. सेजल आली. मी पुस्तक तिच्या ताब्यात दिलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही आता हळर्णलाच चाललाय ना? मग असंच घेऊन जा. संध्याकाळी बाईंच्या हातात पडेल."

मी म्हटलं, शिक्का.

ती म्हणाली, मारा मग.

शिक्का हळर्णला माझ्या कपाटात. बरोबर आणायला हवा होता. पुस्तक हबला ठेवून आलो. पुढच्या आठवड्यात शिक्का नेऊन देईन. उद्घाटनाला अजून वेळ आहे.

बस मात्र वेळेवर मिळाली.

२१ एप्रिल, सोमवार

मंडपवाला, पाहुणे (शेवटी एका बँकेचे निवृत्त मॅनेजर मिळाले), निमंत्रणं. या धावपळीत शिक्का राहिला. आज फोन केला तर सेजल म्हणाली, छपराचं काम निघालं, सगळी पुस्तकं गोणींत भरून मागच्या खोलीत टाकलीत. कुठल्या गोणीत काय ते मजुरांनाही माहीत नाही. मी म्हटलं, अकारविल्हे भरायला हवी होती. तिने फोन ठेवला.

परवा बाईंना द्यायचं काय?

उपाय सुचला. तात्पुरता आहे, पण मार्ग काढतो तोच समन्वयक.

२३ एप्रिल, बुधवार. रात्रीचं जेवण होऊन.

सोहळा उत्तम झाला. मोजके पण दर्जेदार लोक. मॅनेजरसाहेब सहकारी कर्जवसुलीवर बोलले. शेवटी ते नेटवर्कवर येणारच होते, पण त्यांना म्हापशाला जायचं होतं.

बाई स्नेहाचा दंड धरून स्टेजवर आल्या. सोनेरी कागदात गुंडाळलेलं पुस्तक मी त्यांच्या हातात ठेवलं. आत 'नारळावरील रोग व उपाय'. आकार साधारण तेवढाच. खरं पुस्तक मिळालं की गुपचूप बदलायचं, असा बेत.

बाईंनी पुस्तक छातीशी धरलं. माइक कोणी देत नव्हतं, त्यांनीच मागितला. म्हणाल्या, "माज्या हाताखाली शिकलेल्यान माका दिलेला वचन पाळल्यान. मास्तरणीक आणि काय जाय?"

टाळ्या वाजल्या. यशवंत पुढच्या रांगेत होते. ते मात्र टाळी वाजवताना थांबले आणि सुविधाकडे बघितलं. सुविधा खाली बघत होती.

फोटो चांगले आले आहेत. मी एकात डोळे मिटले आहेत.

२४ एप्रिल, गुरुवार

स्नेहा सकाळी वाचनालयात आली. टेबलावर नारळाचं पुस्तक ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी काल घरी जाऊन आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि मग कागद सोडला. अक्षरं लागेनात म्हणून स्नेहाला वाचायला सांगितलं. पहिल्या पानावर सोंड्या भुंगा. बाई एक अख्खं पान ऐकत होत्या. त्यांना वाटलं, लेखकाने सुरुवात माडांच्या बागेपासून केली आहे. मग म्हणाल्या, "दुर्गा खंय?"

मी स्नेहाला सांगितलं की ही केवळ प्रक्रियेतली पायरी आहे. ती ऐकून गेली.

सुविधा आज लवकर घरी गेली. डोकं दुखतंय म्हणाली.

१५ मे, गुरुवार

छपराचं काम चालूच. सेजल फोन उचलते, पण बोलत कमी आहे.

चोपड्याहून चांगली बातमी. गौरेश चतुर्थीला येणार नाही, पण कपाटाचं कुलूप फोडायला हरकत नाही म्हणाला. फोडलं. आत भजनाचे टाळ आणि एक मोडका पेट्रोमॅक्स. पुस्तकं वाळवीने आधीच वाटून घेतली होती. चोपड्याचं सहयोगी सदस्यत्व तूर्त कायम ठेवलं आहे.

२ जून, सोमवार

सुविधाने नोकरी सोडली. मोपाच्या विमानतळाच्या बाजूला एका हॉटेलात रिसेप्शनला लागली. निरोपाला चहा ठेवला होता, पण ती किल्ल्या देऊन उभ्या उभ्या गेली. तिला मी नेटवर्कचं प्रशस्तिपत्र दिलं. घरी जाऊन वाचेल.

आता वाचनालय मीच उघडतो. पेपर वाचणारे येतात.

९ जून, सोमवार

पुस्तक आलं.

गोणी सोडताना सेजलला सापडलं. पावसात स्वतः बसने घेऊन आली. वर चढून आली, पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. मी कपाटातून शिक्का काढला, पॅडवर दाबला, पहिल्या पानावर उठवला. तीन पापलेटं स्पष्ट उमटली. सेजल बघत होती. मी म्हटलं, अखेर पहिला व्यवहार पूर्ण. ती म्हणाली, "काका, मला त्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढा." चहाला थांबली नाही.

१० जून, मंगळवार

बाईंच्या घरी गेलो. बाई पडवीत खुर्चीवर. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी चेहरा आवाजाकडे वळवला, माझ्याकडे नाही. स्नेहा म्हणाली, गेल्या महिन्यापासून उजेड तेवढा कळतो.

पुस्तक हातात दिलं. बाईंनी कव्हरवरून बोटं फिरवली, नाकाशी धरून वास घेतला. "हाच काय रे नक्की?" मी हो म्हटलं. "नारळ नाय मां?" नाही म्हटलं.

मग मीच वाचून दाखवायला सुरुवात केली. एका पानात चार नवी माणसं आली. हा कोण, तो कोण, मला काही कळेना. बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "तू पयले दोन भाग वाचूंक नाय?" मी म्हटलं, व्यवस्थापनाच्या कामातून वेळ होत नाही. मग त्यांनीच मला मागची कथा सांगितली. दुर्गाचा नवरा, खाडीकाठच्या खाजनाचा बांध, सासूने लपवलेलं पत्र. दिवेलागण होईपर्यंत सांगत होत्या. वाचायचं राहिलं.

पण संवाद झाला. उद्यापासून रोज जायचं.

१३ जून, शुक्रवार

दोन दिवस पाऊस, आज गेलो. तीन पानं वाचली. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक, ओळी चुकतात. बाईंनी दोनदा उच्चार सुधारले. तिसऱ्यांदा सुधारला नाही.

१७ जून, मंगळवार

आज थोडं वाचल्यावर बाईंनी हात वर केला. शाळेत करायच्या तसा.

"पुरे, शिवदासा."

मी म्हटलं, दमलात का? उद्या येतो.

"उद्या नको. तुजेर राग नाय रे. पण तू वाचतंस तेव्हा माका दुर्गा दिसत नाय. तूच दिसतंस."

स्नेहा दारात उभी होती. मी म्हटलं, मग स्नेहा वाचेल, किंवा मी दुसरं कोणी बघतो, नेटवर्कमधून. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "ऱ्हवूं दी आता. होडयेतच ऱ्हवूं दी तिका."

मी पुस्तक मिटलं. स्नेहाने छत्री आणून दिली.

२२ जून, रविवार

डिचोलीला गेलो होतो. विनिताला सांगितलं नाही. पुस्तक बरोबर घेतलं होतं. वाटलं, निदान त्या रंजनाची चाळीस पानं.

ओळीतल्या शेवटच्या खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितलं, कंपनीचं कंत्राट संपलं, दोघं गावाला गेली. गाव कुठलं ते तिला माहीत नाही. चंदगडकडे कुठेतरी. ती पुस्तकवाली ना, म्हणाली. जाताना सारखी विचारत होती, कोणी साहेब पुस्तक घेऊन आला होता का?

तो साहेब तुम्हीच का, म्हणाली. मी नाही म्हटलं.

बसमध्ये पुस्तक उघडलं. दोन पानं वाचली. मग मिटलं.

२९ जून, रविवार

केरीला जाऊन पुस्तक परत दिलं. स्कूटरने गेलो. किनाऱ्यावरची दुकानं पावसासाठी झावळ्यांनी बांधून टाकली आहेत. यशवंत हॉटेलच्या मागच्या खोलीत राहतात, तिथेच वाचनालयाचं कपाट. त्यांनी मला टॉवेल दिला, चहा केला, पाव दिला.

पुस्तक हातात घेऊन त्यांनी पहिलं पान उघडलं, शिक्का बघितला. कपाटात दुसऱ्या भागाशेजारी ठेवलं.

मग विचारलं, "बाईंनी वाचला ना शेवटी?"

मी हो म्हटलं.

"आवडला?"

हो म्हटलं.

यशवंतांना बरं वाटलं. उद्घाटनाच्या दिवशी मनात उगाच शंका आली होती म्हणाले. "चला. म्हणजे तुमच्या नेटवर्कचं एक तरी काम झालं."

मी पाव चहात बुडवला. तो तुटून खाली गेला. पाऊस थांबेपर्यंत तिथेच बसलो होतो.